माघ वद्य नवमीचा चंद्र

परवा नातीने मोबाइल पुढे धरला. कुठल्याशा मंडळाची सिंहगडाच्या रात्रीच्या भटकंतीची जाहिरात होती. कपाळाला दिवे बांधलेली पंधरा-वीस मुले रांगेत उभी होती. "आजोबा, तुम्ही असं कधी केलंय का हो?" तिने विचारले. मी हसलो. म्हटले, "केलंय, एकदाच. त्या रात्री कपाळाला दिवा नव्हता. उलट तिथे डोक्यात जरा उजेड पडला." तिला वाटले आजोबांचा नेहमीचा विनोद. पण मंडळी, तो विनोद नव्हता. ती हकिकत आज लिहायची ठरवली आहे.

२६ जानेवारी १९७५. रविवार होता. मी तेव्हा पंचविशीचा, पुण्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवायला लागून दोन वर्षे झालेली. माझ्याबरोबरच लागलेला बापू गणित शिकवायचा. मूळचा साताऱ्याचा, किडकिडीत, तोंडाने फटकळ आणि मनाने निर्मळ. सकाळी झेंडावंदन झाले, मुलांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या, आणि शिक्षकांच्या खोलीत बापू म्हणाला, "आज चतुर्दशी आहे. उद्या पौषी पौर्णिमा. अकराला शाळा. म्हणजे रात्र आपली आहे. सिंहगडावर जाऊया का?"

दुपारी चारला दोन सायकली निघाल्या. त्या वेळचे पुणे सायकलींचे गाव होते. विठ्ठलवाडी मागे टाकली की शेते लागायची. खडकवासल्याला पोचेपर्यंत सूर्य कलला होता आणि चंद्र आधीच वर आला होता. धरणाच्या पाण्यावर एका बाजूला तांबूस आणि दुसऱ्या बाजूला रुपेरी, असे दोन उजेड दिसत होते. डोणजे, गोळेवाडी करत आतकरवाडीला पोचलो. तिथल्या एका घराच्या पडवीत सायकली लावल्या. आजीबाईंनी विचारले, "एवढ्या रातीचं कशापाई चाल्लाय?" बापू गंभीरपणे म्हणाला, "आजी, गड घ्यायला." आजी म्हणाल्या, "घ्या की. पर येताना मिठाची पुडी आणा." आजही आम्ही एखादे काम मोठ्या तावाने करायला निघालो की एकमेकांना मिठाच्या पुडीची आठवण करून देतो.

सामान काय, तर एक दोन सेलची बॅटरी, एक घोंगडी, दोन मफलर, बाटलीत पाणी, भाकरी-चटणी आणि खिशात तिळगूळ. संक्रांत होऊन बारा दिवस झाले होते, पण रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो या नियमाचा बापू कडक पालन करणारा. बॅटरी मात्र लावायचीच नाही असे ठरले. गरजच नव्हती. पायवाटेवरचा प्रत्येक दगड दिसत होता. करवंदीच्या जाळीतल्या पानांच्या कडाही चमकत होत्या.

चढताना आम्ही दोघे अगदी शाळकरी पोरे झालो होतो. बापू पुढे पळायचा, दगडाआड दडायचा आणि मी जवळ आलो की "कौन है उधर?" असे ओरडायचा. तो उदयभान, मी तानाजी. एकदा त्याने माझ्या अंगावर घोंगडी टाकली आणि मी खरोखरच दचकून खाली बसलो. एका वळणावर झाडाचे लांबट मूळ खडकाला चिकटलेले होते. त्याला मफलर बांधून बापू म्हणाला, "ही बघ, सापडली तुझी यशवंती! चढ आता." मी मफलर ओढला, मूळ निघाले आणि मी मागच्या मागे गवतात पडलो. इतका हसलो की खाली वाडीतली कुत्री भुंकायला लागली.

हसता हसता मी गोष्ट सांगायला लागलो. इतिहासाच्या मास्तरला गडावर गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर्गात सांगायचो तशीच, आवाज चढवून, हातवारे करून. "अशीच थंडीची रात्र होती बापू. असंच टिपूर चांदणं पडलं होतं. गडावरचे पहारेकरी झिंगलेले. तानाजीने पेटाऱ्यातून यशवंती घोरपड काढली, तिच्या कपाळाला शेंदूर लावला..."

बापू ऐकत होता. काही बोलला नाही.

रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास पुणे दरवाज्यातून आत गेलो. देवटाक्याचे पाणी प्यालो. थंडी अशी की ओंजळ बधिर झाली. मग गडाच्या पश्चिम बाजूला गेलो. तिथे डोणागिरीचा कडा आहे, त्यालाच लोक तानाजी कडा म्हणतात. तानाजी इथूनच चढला, असे परंपरेने दाखवतात. कड्यापासून बेताच्या अंतरावर घोंगडी अंथरून बसलो. भाकरी सोडली.

मध्यरात्रीला चंद्र बरोबर डोक्यावर आला. पौषातला पुरा चंद्र आपल्याकडे असाच अगदी माथ्यावर येतो. उभे राहिलो तर आपली सावली आपल्याच पायाखाली. कडा वरपासून दिसेल तिथपर्यंत उजळला होता. खडकातल्या भेगा, त्यांतले वाळके गवत, सगळे दिसत होते. खालच्या उतारावरून एखादे कोल्हे पळाले असते तरी दिसले असते.

बापूने शेवटचा तिळगूळ तोंडात टाकला आणि विचारले, "काय रे, असंच चांदणं होतं म्हणतोस?"

"हो."

"मग पहारेकरी आंधळे होते का? या उजेडात मी इथून उंदीर मोजीन. तीनशे माणसं कड्याला लोंबकळतायत आणि वर कुणाला पत्ता नाही?"

मी म्हटले, "झिंगले होते ना."

"सगळे? बरं, तारीख काय त्या रात्रीची?"

"४ फेब्रुवारी १६७०."

"तारीख नको, तिथी सांग."

"माघ वद्य नवमी."

बापू ताडकन उठून बसला. "अरे, म्हणजे दासनवमी! सज्जनगडाची! मास्तर, वद्य नवमीला रात्री दहाला चांदणं कुठून आणलंस तू?"

मी गप्प. बापूने तिथेच बोटाने मातीत हिशेब मांडला. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताला उगवतो. पुढे दर तिथीला साधारण दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, उशीर. नवमीपर्यंत नऊ दुणे अठरा घटिका, म्हणजे सात तास बारा मिनिटे. माघातला सूर्यास्त साडेसहाच्या थोडा पुढे धरा. चंद्र उगवणार दीड-दोनच्या सुमारास, तोही अर्ध्यापेक्षा कमी उरलेला. गणित ढोबळ आहे, पाव-अर्ध्या तासाचा फरक पडेल. पण मध्यरात्रीपर्यंत काळाकुट्ट अंधार होता, यात फरक पडत नाही.

"आणि हे बघ," तो पश्चिमेकडे हात करून म्हणाला, "चंद्र उगवणार पूर्वेला. हा कडा पश्चिमेचा. चंद्र उगवला तरी हा कडा गडाच्याच सावलीत. चंद्र माथ्यावर येणार दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर. म्हणजे रात्रभर या कड्यावर उजेडच नाही. तानाजीला तिथी कळत होती, मास्तर. तुला कळली नाही."

वाचकहो, माझी अवस्था काय झाली असेल ते बघा. तारीख मला पाठ होती, तिथीही पाठ होती. परीक्षेत दोन्ही लिहून मार्क मिळवले होते. पण त्या तिथीला आकाशात काय असते, हा विचार एकदाही मनात आला नव्हता. चांदणे मी माझ्या पदरचे घातले होते. गोष्ट छान दिसावी म्हणून. दोन वर्षे, चार तुकड्यांना.

आणि तेवढेच नव्हते. आणखी एक गोष्ट मला त्या कड्यावर आठवली आणि टोचायला लागली. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी हाच पाठ घेताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले होते, "सर, घोरपडीला माणसाचं वजन पेलतं का?" वर्ग हसला. मला वाटले पोरगा चेष्टा करतोय. मी त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभे केले. वर म्हणालो होतो, "थोरांच्या गोष्टीत शंका काढू नयेत." वडील हमाली करायचे त्याचे. वजन पेलणे म्हणजे काय, हे त्या वर्गात त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

मी बापूला हे सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, "मग उद्या अकराला शाळा आहे."

पहाटे उतरलो. सायकली घेतल्या. बापूने आजीबाईंना सांगितले, "गड घेतला, पण मीठ संपलं होतं." त्यांनी आम्हाला गुळाचा चहा दिला. नऊला पुण्यात, अंघोळ करून अकराला शाळेत.

वर्गात गेलो आणि त्या मुलाला उभे राहायला सांगितले. बिचारा घाबरला. मी म्हटले, "तू विचारलेला प्रश्न बरोबर होता. मी चुकलो होतो." वर्ग चिडीचूप. मुलगा थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मग सर, परीक्षेत काय लिहायचं?" याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. ते शोधायला पुढची काही वर्षे गेली. त्यात जे हाती लागले ते थोडक्यात सांगतो.

पार्श्वभूमी आपल्याला माहीत आहे. १६६५ च्या जून महिन्यात मिर्झाराजे जयसिंगाशी पुरंदरचा तह झाला. २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कोंढाणा होता. १६७० च्या सुरुवातीला महाराजांनी ते परत घ्यायला सुरुवात केली. राजगडावरून कोंढाणा समोर दिसतो. आपल्या राजधानीतून रोज शत्रूचे निशाण दिसावे, ही काही सुखाची गोष्ट नव्हे. कोंढाण्यावर उदयभान राठोड हा किल्लेदार होता. तानाजीने गड घेतला, त्यात तो आणि उदयभान दोघेही पडले. त्यानंतर महिन्याभरात, मार्चमध्ये पुरंदरही परत आला.

या घटनेची साधने तीन प्रकारची. पहिले जेधे शकावली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. शकावलीत वर्णन नसते. अमुक तिथीला अमुक झाले, एवढेच. तिथी आपल्याला मिळते ती अशा नोंदीवरून. आणि तिथीच जास्त भरवशाची, कारण आपण ४ फेब्रुवारी म्हणतो ती जुन्या इंग्रजी पंचांगाची तारीख आहे. इंग्रजांनी १७५२ साली पंचांग बदलले. आजच्या हिशेबाने ती १४ फेब्रुवारी होते. चंद्राला मात्र कुठलेच पंचांग बदलावे लागले नाही.

दुसरे साधन सभासदाची बखर. कृष्णाजी अनंत सभासदाने ती राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली, म्हणजे घटनेनंतर पंचवीस-सत्तावीस वर्षांनी. त्यात तानाजी आपण होऊन कोंढाणा घेण्याचे पत्करतो. पाचशे माणसे निवडतो. गडाखाली आल्यावर दोन मावळे रात्री कड्यावरून वानरांसारखे वर चढतात आणि वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, सोडतात. बाकीचे तिच्यावरून चढतात. गड हाती आल्यावर वरची गवती घरे पेटवून देतात आणि राजगडावर महाराजांना तो उजेड दिसतो. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. टिपूर चांदणेही नाही. महाराजांच्या तोंडी सिंहाचे नावही नाही. एक गड मिळाला पण एक गड गेला, अशा अर्थाचे ते बोलतात. तानाजीलाच गड म्हणणे, हे मला तरी सिंहापेक्षा मोठे वाटते. आणि सिंहगड हे नावही तानाजीच्या मृत्यूवरून पडलेले नाही. १६६३ सालच्या पत्रात ते आलेले आहे.

तिसरे साधन तुळसीदास शाहिराचा पोवाडा. अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांच्या १८९१ च्या पोवाड्यांच्या संग्रहात तो आहे. जिजाऊंचा सारीपाट, रायबाचे लग्न आणि यशवंती घोरपड हे सगळे पोवाड्याच्या बाजूने आपल्याकडे आले. पुढे ह. ना. आपट्यांच्या कादंबरीने 'गड आला पण सिंह गेला' हे नाव घरोघरी नेले, आणि २०२० साली चित्रपटाने नव्या पिढीकडे.

मी पोवाड्याला खोटा म्हणत नाही. पोवाडा डफावर ऐकायचा असतो. रात्रभर लोकांना जागे ठेवायचे तर शाहिराला सारीपाट लागतो, लग्न लागते, घोरपडही लागते. चूक शाहिराची नव्हती. शाहिराचे गाणे मी इतिहास म्हणून शिकवले आणि शंका काढणाऱ्याला उभे केले, ही चूक माझी होती.

पण सगळ्यांत जास्त मनाला लागली ती गोष्ट वेगळीच. त्या घोरपडीला नाव आहे. यशवंती. शेंडेपासून शेपटीपर्यंत तिचे कौतुक आहे, पेटाऱ्यात बसवून तिला आणले आहे. आणि ते दोन मावळे? जे कुणाचाही आधार नसताना, दोर नसताना, काळोखात हाताने भेगा चाचपत त्या कड्यावरून वर गेले, त्यांची नावे सभासदानेही दिली नाहीत. घोरपड आली आणि ते दोघे गोष्टीतूनच गेले. त्यांचे श्रेय तिने घेतले. तिने कसले, आम्ही मास्तरांनी तिला दिले.

थंडी कशी होती ते मला माहीत होते. मध्यरात्री त्या खडकाला हात लावला तर बर्फासारखा लागत होता. आणि आम्हाला तर लख्ख चांदणे होते, खिशात तिळगूळ होता, जिवाला धोका नव्हता. तरी मी कड्याच्या टोकाशी जाऊन खाली वाकलो नाही. पोटात गोळा आला. बापूनेही वाकून पाहिले नाही, मात्र ते त्याने कबूल करायला वीस वर्षे घेतली.

तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मी हा पाठ असाच शिकवला. आधी पोवाड्यातली गोष्ट रंगवून सांगायची, कारण ती आपली आहे आणि मुलांना आवडते. मग म्हणायचे, आता तिथीवरून चंद्र काढा. मुले बोटे मोजायची. "सर, अंधार!" असे कुणीतरी ओरडायचे. मग विचारायचे, अंधार का निवडला असेल? पश्चिमेचा कडा का? पेटवलेली घरे राजगडावरून का दिसली? आणि शेवटी त्या दोघांबद्दल सांगायचे. परीक्षेत काय लिहायचे, याचे उत्तरही तोवर सापडले होते: कोण काय म्हणते ते लिहा. पोवाडा म्हणतो की, बखर म्हणते की. चार शब्द जास्त लागतात, पण खोटे लिहावे लागत नाही.

बापूचा हिशेब आम्ही एकदा पडताळूनही पाहिला. त्याच वर्षी मार्चमध्ये दासनवमी आली. बापूच्या खोलीच्या गच्चीवर घोंगडी घेऊन बसलो. बारा वाजले, एक वाजला. खरोखर हात दिसत नव्हता. दोनच्या सुमारास पूर्वेला घरांच्या मागून भाकरीच्या तुकड्यासारखा चंद्र आला. बापूने घड्याळ पाहिले आणि मला म्हणाला, "आता बस खाली. उत्तर बरोबर."

बापू आता साताऱ्यात असतो. गुडघे गेले आहेत त्याचे. माझेही काही फार शाबूत नाहीत. पण दरवर्षी दासनवमीच्या रात्री आमच्यापैकी जो जागा असतो तो दुसऱ्याला फोन करतो. "उगवला का रे?" एवढेच विचारायचे असते. घरच्यांना वाटते म्हाताऱ्यांना झोप येत नाही. तेही खरेच आहे.

नात जाणार आहे गडावर. जाहिरातीत पौर्णिमेची रात्र आहे, आणि चांदण्यात चालायची मजा वेगळीच, ती तिने घ्यावीच. खाली दगडाआड कुणी लपून घाबरवले तर घाबरावेही. फक्त मी तिला सांगितले आहे की जमले तर एकदा वद्य नवमीलाही जा. जाणत्या माणसांबरोबर जा, कड्यापासून लांब बस, आणि कपाळावरचा दिवा दोन मिनिटे बंद कर. त्या दोघांची नावे आपल्याला माहीत नाहीत. पण ते कशातून चढले, ते तेवढ्यात कळेल.

ती म्हणाली, "आणि आजोबा, येताना मिठाची पुडी आणू?"

असो. तुमच्यापैकी कुणी अशी रात्र गडावर काढली असेल तर जरूर लिहा. तिथी मात्र न विसरता कळवा.